उद्याचं वाक्य

पोलादपूरच्या खाली सावित्रीच्या काठावर श्रीपतनं बायकोच्या दहाव्याचे पिंड ठेवले आणि मागं सरून तो उभा राहिला. कावळे होते. पलीकडच्या करंजावर बसून चोची घासत होते, एकमेकांवर खेकसत होते, पण खाली एकही उतरत नव्हता. माघातलं ऊनसुद्धा डोक्यावर आलं की चटका देतं. कुडपणच्या अलीकडच्या वाडीतून जीप भरून आलेली माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन खडकांच्या सावलीला टेकली. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. कावळा शिवल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि घरी गेल्याशिवाय पानावर बसता येत नाही.

अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि त्याला तसा शब्द द्यायचा. शब्द बरोबर लागला की कावळा शिवतो. म्हातारा कुशाबा असल्या कामात वाडीचा म्होरक्या. कुणाचंही दहावं असलं तरी तो लागायचाच. त्यानं हात जोडून चंद्रभागेला विचारायला सुरुवात केली. काय राहिलं गो बाय, दागिना राहिला का, माहेरचं कोण यायचं राहिलं का.

दासगावहून तिचा भाऊ भरत आला होता. तो पुढं झाला आणि म्हणाला, ताईच्या नावानं वाडीत पाण्याची टाकी बांधून देईन. कावळे जागचे हलले नाहीत. मग कोणी देवळात समई द्यायचं बोललं, कोणी पायवाटेला पायऱ्या घालायचं बोललं. तरी नाही. असल्या वेळी काय बोलायचं ते श्रीपतला नेहमी चंद्रभागाच सांगायची.

शेवटी कुशाबा वैतागला. म्हणाला, "अरे, पोर नाय, बाळ नाय. तिचा जीव दुसरं कुठं असणार? शाळंत असंल. शाळंचं बोला कोणतरी."

तेव्हा प्रवीण उठला. हा श्रीपतचा चुलतभाऊ. भांडुपला असतो. मयताला त्याला पोचता आलं नव्हतं, म्हणून दहाव्याला आला होता. त्याची मुलगी सेजल वाडीच्या शाळेत पहिलीला होती आणि आजीजवळ, बयाबाईजवळ राहत होती. त्यानं पायातले बूट काढले, पिंडांजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"वैनी, माजी सेजल हितंच शिकंल. वाडीतलं एक पोर दुसऱ्या शाळंत जाणार नाय. शाळा आमी बंद पडू देणार नाय. सगळ्यांच्या वतीनं सांगतो."

कावळा उतरला. थोडा लांब बसला, मान वाकडी करून बघितलं, उड्या मारत आला आणि त्यानं भातात चोच घातली. त्याच्यामागं बाकीचे आले. कुशाबा म्हणाला, "बघा. शाळाच व्हती." माणसं उठली, कपड्यांची माती झाडली, जीपकडं निघाली. जाताना एकदोघांनी प्रवीणच्या पाठीवर थाप मारली.

श्रीपत मात्र तिथंच उभा होता. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता. आता त्याला रडू आलं. ती ऐकत होती, आणि ऐकून समाधानानं गेली, असं त्याला वाटलं. वर्षभर तो त्याच एका गोष्टीवर जगला.

चंद्रभागा अंगणवाडी सेविका होती. वाडीची शाळा चौथीपर्यंत, आणि अंगणवाडीची खोली तिला चिकटूनच. शाळेला एकच बाई, तेजश्री मॅडम. त्या महाडहून स्कूटीनं यायच्या. घाटात धुकं असलं की उशीर व्हायचा. सगळे वर्ग एकटीनं सांभाळायचे, वर मोबाइलवर माहिती भरायची, खिचडीवर लक्ष ठेवायचं. त्यांचीही दमछाक व्हायची. म्हणून पहिली-दुसरीच्या पोरांचं वाचन चंद्रभागेनं आपणहून अंगावर घेतलं होतं. ते तिच्या कामात मोडत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

पोरांचं घोडं अक्षरांपाशी अडत नव्हतं. अक्षरं यायची. अडायचं ते वाक्याच्या शेवटी. 'राजू शाळेत' एवढं नीट वाचायची, आणि पुढं पुस्तकात काय लिहिलंय ते न बघता तोंडाला येईल ते लावून मोकळी व्हायची. 'जाईल' असलं तरी जातो, 'गेला' असलं तरी जातो. त्यात घरी बोलतात तसं पुस्तकात नसतं, हा आणखी एक घोळ. घरच्या बोलण्यावरून चंद्रभागा कुणाला कधी रागावली नाही. घरचं घरी, पुस्तकाचं पुस्तकात, एवढंच म्हणायची. नदीतले चपटे गोटे आणून तिनं त्यांच्यावर रंगानं शेपट्या लिहिल्या होत्या. शेपट्या हा तिचाच शब्द. पाटीवर 'बस' लिहायचं आणि त्याच्यापुढं एकेक गोटा ठेवून बघायचं. बसतो. बसला. बसेल. बस तोच राहिला, शेपटी बदलली, वेळ बदलली. 'जा'ला मात्र 'ला'चा गोटा चालायचा नाही. जाला म्हटलं की पोरं खिदळायची. ती म्हणायची, हा असाच आहे, एकदा गेला की ओळखू येत नाही.

पण तिची खरी करामत म्हणजे तीन दिवसांचं वाक्य. शाळेच्या दारात जांभ्याचा एक चिरा पडलेला होता. पाळी असेल त्या पोरानं त्या चिऱ्यावर उभं राहून उद्याचं वाक्य बोलायचं. मी उद्या झाडांना पाणी घालेन. ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. दुसऱ्या दिवशी ते काम सगळ्यांसमोर करायचं आणि करता करता बोलायचं, मी झाडांना पाणी घालतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा चिऱ्यावर चढायचं आणि सांगायचं, मी काल झाडांना पाणी घातलं. मग फळ्यावरचं वाक्य पुसायचं. काम झालं नसेल तर तेही चिऱ्यावरूनच सांगायचं. मी काल पाणी घातलं नाही. मार नाही, शिक्षा नाही. ती म्हणायची, खरं बोललास, बस खाली. पण सगळ्यांसमोर ते 'नाही' म्हणायची पोरांना जी धास्ती असायची, ती छडीची नसायची. शेपटी चुकली तर चंद्रभागा हसायची. बोललेलं केलं नाही आणि वर कोणी गप्प राहिलं, तर हसायची नाही.

श्रीपतवरही तिनं हे करून बघितलं होतं. उद्या गोठ्याचा कूड बांधाल का, असं विचारायची. श्रीपत म्हणायचा, बघू. ती म्हणायची, तुमच्या या 'बघू'ला मी कुठली शेपटी लावू?

ताप आला तेव्हा अंगावर काढला. महाडला नेली तोवर कावीळ अंगात भिनली होती. फार बोललीही नाही.

तेराव्यानंतर एका सकाळी पोरं श्रीपतच्या अंगणात येऊन उभी राहिली. रोज बाईला घ्यायला यायची तशीच आली. नवी सेविका यायची होती, खोलीची किल्ली श्रीपतकडंच होती. सेजल पुढं झाली. बारीक, केसांना तेल चोपडलेली, नाक सारखं वर ओढणारी पोर.

"आबा, माजं वाक्य फळ्यावर राहिलंय," ती म्हणाली.

श्रीपतनं तिला जा म्हटलं. ती गेली नाही. तिचं म्हणणं असं की बाई दवाखान्यात गेल्या त्याच्या आदल्या दिवशी तिची पाळी होती, आणि आता ते पुसल्याशिवाय दुसऱ्याला पाळी मिळत नाही, आणि म्हणून सगळी तिला बोलतात. श्रीपत किल्ली घेऊन तिच्याबरोबर गेला. फळ्याच्या कोपऱ्यात चंद्रभागेच्या हातचं अक्षर होतं. मी उद्या ओटा झाडेन. सेजलनं केरसुणी घेतली, ओटा झाडला, झाडता झाडता बोलली. बाकीची पोरं रांगेत बसून श्रीपतकडं बघत राहिली, पुढं काय म्हणतोय म्हणून. तो कुलूप लावून घरी आला. पण दुसऱ्या दिवशी तो परत गेला, कारण तिचं कालचं वाक्य ऐकायचं होतं.

असा तो त्यात पडला. सातवीत शाळा सुटलेला माणूस. शिकवायचं कसं ते त्याला येत नव्हतं, आणि गोड बोलणं तर मुळीच नाही. पोरांनीच त्याला नियम सांगितले. तेजश्री मॅडम म्हणाल्या, "आबा, तुम्ही नुसतं ऐकून घ्या त्यांचं. त्यांना कोणीतरी ऐकणारं लागतं." मग तो दुपारी गुरं बांधून जायचा, गोणपाटावर बसायचा, गोट्यांची टोपली पुढं घ्यायचा. कुणी अंदाजानं शेवट ठोकून दिला की म्हणायचा, "शेपटी बघितलीस का? मग शेपूट नसलेला बैल आणलास कुठून?" पोरांना ते आवडायचं.

सेजल सगळ्यांत मागं होती. आदल्या वर्षी प्रवीणनं तिला भांडुपच्या एका इंग्रजी शाळेत नेली होती. तिथल्या बाईंनी पुढ्यात पुस्तक ठेवल्यावर ती टेबलाखाली जाऊन बसली. शाळेनं घेतली नाही. म्हणून ती वाडीत होती. श्रीपतला हे ठाऊक होतं. पण नदीवरच्या शब्दानंतर ते त्यानं मनातून काढून टाकलं होतं.

तिच्यावर त्यानं सगळ्यांत जास्त घाम गाळला. तिचं नाव घेऊन शब्द दिला गेला होता, म्हणून असेल. शाळा सुटल्यावर ती त्याच्या मागं मागं शेतात यायची. भातरोपांसाठी जमीन भाजायचे, राबाचे दिवस होते. तो झाडांच्या डहाळ्यांचं कवळ तोडून आणायचा, रोपांच्या जागेवर पसरायचा, वर शेण आणि वाळला पातेरा घालायचा, आणि हात चालू ठेवून विचारायचा, काल काय केलं?

"कवळ तोडलाव."

"पुस्तकात?"

"कवळ तोडलं."

"आता काय करतोय?"

"पसरतो."

"मग?"

"मग तुमी पेटवाल, आन् माज्या डोळ्यात धूर जाईल."

"जाईल. शेपटी बरोबर हाय. बाजूला व्हय."

एके दिवशी तिला धडा वाचायला बसवली. ती बोट ठेवून वाचत गेली. वाक्याच्या शेवटी आली आणि थांबली. एरवी तिथं ती धावायची. आता बोट पुढं सरकलं, डोळा शेपटीवर गेला, आणि मग तिनं शब्द उच्चारला. बरोबर उच्चारला. पुढच्या वाक्याला पुन्हा तसंच. श्रीपत ऐकत राहिला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं हे सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं, आणि चुलीला लाकडं सारली.

मे महिन्यात चाकरमानी आले, लग्नं झाली, परत जाताना प्रवीण सेजलला सुट्टीपुरती मुंबईला घेऊन गेला. शाळा उघडायच्या आधी तिला घेऊन परत आला. श्रीपतला बरं वाटलं. शाळेच्या पहिल्या दिवशी तो लवकर गेला. गोटे धुऊन ठेवले होते. नवीन रंग दिला होता. वर्षाचं पहिलं वाक्य कुणी बोलायचं यावर भांडण झालं आणि सेजल जिंकली. ती चिऱ्यावर चढली. मुंबईचे नवे बूट घातले होते.

"मी उद्या अख्खा धडा वाचेन," ती म्हणाली.

श्रीपतनं ते आपल्या वाकड्या अक्षरात फळ्यावर लिहिलं.

संध्याकाळी प्रवीण पेढ्यांचा डबा घेऊन आला. कुशाबा ओट्यावर बसलाच होता, त्यानं आधी हात पुढं केला. प्रवीण श्रीपतच्या पाया पडला.

"दादा, तुमच्यामुळं झालं. त्याच शाळंत घेऊन गेलो व्हतो. त्या बाईंनी मराठीचं पुस्तक दिलं तर धडाधड वाचलं पोरीनं. बाई बोलल्या, वाचायला येतंय ना, मग इंग्लिश आम्ही करून घेऊ. ॲडमिशन झाली. मॅडमकडनं दाखला घेतला आज. सकाळच्या गाडीनं निघतो."

श्रीपतच्या हातात पेढा होता. तो त्यानं डब्यात परत ठेवला.

मग बोलणं झालं. श्रीपत आवाज न चढवता बोलला. नदीवर काय बोलला होतास ते आठव, म्हणाला. प्रवीण म्हणाला आठवतंय, पण पोरीचं आयुष्य आहे, वैनी असती तर तीही हो म्हणाली असती. श्रीपत म्हणाला, ती काय म्हणाली असती ते मला सांगू नको, तू काय म्हणाला होतास ते सांग. प्रवीणनं इकडं तिकडं बघितलं. रागावला नाही तो. लहान पोराची समजूत काढावी तसं बोलायला लागला.

"दादा, ते तसं बोलायचं असतं. सगळेच बोलतात. भरतमामा टाकी बांधणार व्हता, बांधली?"

"त्याच्या बोलण्यावर कावळा शिवला नाय. तुज्या बोलण्यावर शिवला."

"कावळ्याला भूक लागली व्हती, दादा. आपल्याला बी लागली व्हती."

श्रीपतनं कुशाबाकडं बघितलं. नदीवर हात जोडणारा हाच. कुशाबानं पेढा गिळला, मिशीवरची साखर पुसली. म्हणाला, बोलला तर होता, खोटं कशाला सांगू. पण शब्दाला मुदत घातली नव्हती. पहिली तर पोरीनं हितंच केली ना? एवढं बोलून तो घरी जायला उठला आणि जाताना आणखी एक पेढा घेऊन गेला.

प्रवीण गेल्यावर श्रीपत अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून होता. पोरगी टेबलाखाली बसली असती तर इथंच राहिली असती. त्यानंच तिला टेबलाखालून काढली होती.

दुसऱ्या दिवशी अख्खा धडा कुणी वाचला नाही. बाकीची पोरं म्हणाली, आबा, वाक्य पुसू का? तो म्हणाला, पुसायचं नाय. ते बोललेल्या माणसानंच पुसायचं असतं.

त्यानंतर घसरण लागली. प्रवीणनं नेली तर आपण का नाही, असं घरोघर सुरू झालं. कुणी महाडला खोली घेतली, कुणी आत्याकडं ठेवलं, कुणी पाचाडकडं पाहुण्यांकडं पाठवलं. श्रीपत दारोदार गेला. प्रत्येक घरात चहा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं. शब्द आम्ही दिला नव्हता, प्रवीणनं दिला होता, आणि ज्यानं दिला त्यानंच मोडला, तर आम्ही कशाला धरून बसू? बयाबाईनं तर त्याला सुनावलंच. "तुजं आपलं बरं हाय. तुला पोर असतं तर ठेवलं असतंस काय रे हितं?" श्रीपत चहा अर्धा टाकून उठला.

दिवाळीनंतर शाळेला कुलूप लागलं. उरलेल्या पोरांची नावं खालच्या गावच्या शाळेत गेली. तेजश्री मॅडमची तिकडंच बदली झाली. त्या निघताना श्रीपतच्या घरी आल्या, पाणी प्यायल्या, गोट्यांची टोपली घेऊन जाऊ का म्हणाल्या. तिथली पोरं वापरतील. श्रीपतनं टोपली दिली. ती ठेवून तरी काय करणार होता?

पण एक गोष्ट त्यानं सोडली नव्हती. वर्षश्राद्ध येत होतं. त्या दिवशी पुन्हा पान वाढायचं, पुन्हा कावळ्याला बोलवायचं. यंदा कावळा शिवणार नाही, याची त्याला खात्री होती. झाडांना पाणी न घालता गप्प राहिलेल्या पोरापुढं न हसणारी बाई हे हसण्यावारी नेणार नाही. कावळा भिंतीवर बसून राहील, माणसं भुकेनं कासावीस होतील आणि मग जे बोलायचं ते प्रवीणला बोलावंच लागेल. श्रीपतला पोरगी परत नको होती, शाळाही परत उघडणार नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की चंद्रभागेसमोर कोणीतरी खरं सांगावं. तिच्या वर्गात शेंबडी पोरं एवढं करायची.

म्हणून त्यानं प्रवीणला दोनदा फोन केला. सगळ्यांना घेऊन ये म्हणाला. प्रवीण बायकोला आणि सेजलला घेऊन आला. त्याला वाटलं, दादाचा राग गेला.

श्राद्धाला वाडी जमली. बायकांनी भात, वरण, वडे, भोपळ्याची भाजी, खीर केली. गोठ्याच्या भिंतीवर केळीच्या पानावर सगळं वाढून ठेवलं. श्रीपतनं पाणी फिरवलं, नमस्कार केला आणि माणसांकडं तोंड करून उभा राहिला. आंब्यावर कावळे ओरडत होते, खाली कोणी येत नव्हतं. कुशाबा घसा खाकरून पुढं आला. श्रीपतनं हात आडवा केला.

"आज नवीन कोणी काय बोलायचं नाय," तो म्हणाला. "आधी जुनं सांगायचं. मागल्या माघात जे बोलला त्याचं काय झालं, ते तिला सांगायचं. प्रवीण सांगंल."

सगळे प्रवीणकडं बघायला लागले. प्रवीणचं तोंड उतरलं. तो बुटांकडं बघत राहिला. त्याच्या बायकोनं पदर ओढून घेतला. बयाबाई काहीतरी पुटपुटली, पण तिलाही कोणी साथ दिली नाही. सोडत नाही हा, हे प्रवीणला कळलं. त्यानं पायातले बूट काढले, नदीवर काढले होते तसेच. भिंतीजवळ गेला. हात जोडले.

"वैनी," तो म्हणाला.

आणि कावळा उतरला. सरळ पानावर बसला, वडा उचलला, मानेला झटका देऊन उडाला. दुसऱ्यानं खिरीत चोच घातली. मग झुंबड उडाली, भात भिंतीखाली सांडला, पान फाटलं.

"झालं," कुशाबा म्हणाला. "शिवला. आता बोलायचं कारणच नाय. उगा तिला अडकवून ठेवू नका. पानं घ्या रे."

माणसं हसली. प्रवीणही हसला. सुटकेचं हसणं होतं ते. बूट पायात घालता घालता श्रीपतला म्हणाला, "बगा दादा, वैनीच्या मनात काय नाय. तुमच्याच मनात हाय."

श्रीपत भिंतीकडं बघत राहिला. तिनं असं सोडलं नसतं. कावळ्यानं सोडलं. म्हणजे कावळ्यात ती नव्हती. आणि आज नव्हती, तर नदीवरही नव्हती. त्या दिवशी तिनं काही ऐकलं नव्हतं, ती समाधानानं गेली नव्हती. ती कशी गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभर तो भुकेल्या कावळ्याच्या भरवशावर बसला होता.

पंगत बसली. यजमान म्हणून तो वाढायला उभा राहिला. प्रवीणच्या पानात वडे वाढले, भात वाढला, वर वरण घातलं. प्रवीण पुरे म्हणाला तरी वाढलं. कुशाबानं खीर दोनदा मागून घेतली.

श्रीपतच्या सदऱ्याला मागून कोणीतरी ओढलं. सेजल होती. उंच झाली होती, नाक ओढत नव्हती.

"आबा, मला चिऱ्यावर जायचंय."

त्यानं वाढायचं भांडं दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तिच्याबरोबर गेला. शाळेच्या ओट्यावर पाचोळा साचला होता. कुणाच्या तरी शेळ्या तिथं बसत होत्या. चिरा होता तसाच होता. सेजल त्याच्यावर चढली, हात सरळ केले, समोर पोरं बसली आहेत असं धरून तिनं समोर बघितलं.

"मी दुसऱ्या दिवशी धडा वाचला नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पप्पांनी मला सकाळी उठवून नेलं. मी त्यांना सांगितलं होतं."

"काय सांगितलं व्हतंस?"

"की माजं वाक्य हाय म्हणून."

काय म्हणायचं ते ठरलेलं होतं, म्हणून बरं झालं.

"खरं बोललीस," तो म्हणाला. "बस खाली."

ती उतरली आणि खिडकीशी गेली. आत, फळ्याच्या कोपऱ्यात, श्रीपतचं वाकडं अक्षर धुळीतून दिसत होतं. ती म्हणाली, पुसायचं राहिलं. श्रीपतनं कुलूप हलवून बघितलं. किल्ली आता त्याच्याकडं नव्हती. खिडकीच्या गजांतून तिनं हात घालून बघितला. हात पोचत नव्हता.

प्रवीणनं हाका मारायला सुरुवात केली होती. जीप आली होती, घाट उजेडी उतरायचा होता. सेजल पळत गेली. श्रीपत मागून पोचला तेव्हा सगळी जीपमध्ये बसली होती. प्रवीणनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला.

"पुढल्या वर्षी बी येईन, दादा. सगळ्यांना घेऊन येईन. टेन्शन घेऊ नका."

"आलास की मग सांग," श्रीपत म्हणाला, आणि हात सोडवून घेतला.